भेगेतली मेणबत्ती

या टेकडीवर चर्चच्या चार भिंती आहेत, छप्पर नाही. अंगणात आम्ही नऊ शिळा आहोत: सहा उभ्या, दोन आडव्या, एक अर्धी. उभ्या सहांपैकी वाऱ्याच्या बाजूची पहिली ती मी. मी एक जुनी कोरीव क्रूसशिळा आहे.

मित्रांनो, माझा दगड ज्वालामुखीच्या राखेचा, पिकल्या जर्दाळूच्या रंगाचा. खाणीतून निघाले तेव्हा मी मऊ होते. वर्तान नावाच्या पाथरवटाने एका हिवाळ्यात मला कोरले. मधोमध क्रूस, त्याच्या पायाशी फुटलेली दोन पाने, कडेने द्राक्षे आणि डाळिंबे, आणि सगळीकडे गुंतत गेलेली एक वेल, जिचे टोक मलाही अजून सापडलेले नाही. खालच्या घाटातला पूल पुरा झाला, त्याची आठवण म्हणून त्याने मला पश्चिमेकडे तोंड करून उभे केले.

शतके गेली. ढग अंगणात उतरून झोपत, मीही झोपे. जागी होई तेव्हा अंगावरचे दगडफूल थोडे पसरलेले असे. पुलावरून जाणारे लोक मान वर करून मला पाहत आणि टोपी काढत. पुढे असा काळ आला की चर्चमध्ये धान्याची पोती आली आणि माझ्याकडे कोणी बघेना. मेंढ्या तेवढ्या अंग घासून जात. खरे सांगते, तेही बरे वाटे.

मग लोक परतले, मेणबत्त्या घेऊन. पण इथला वारा ज्योत टिकू देत नाही. मधल्या काळात झालेल्या एका भूकंपात चर्चचे छप्पर कोसळले होते आणि माझ्या डाव्या कुशीला भेग पडली होती. तेवढीच आडोशाची जागा. अघावनी म्हातारी दर शनिवारी त्या भेगेत मेणबत्ती खोचू लागली. तिचा मुलगा झावेन दूरच्या थंड देशात ट्रक चालवतो, ही वात त्याच्यासाठी. त्या उबेत मला वर्तानच्या हातांची स्वप्ने पडत.

गेल्या शरदात खालच्या गावचा पाथरवट गालुस्त आला. त्याने भेगेत मोजपट्टी घातली.

“मावशी, ही शिळा तू आतून भाजते आहेस.”

“भाजू दे की. तुझ्यासारखी कच्ची तर राहणार नाही.”

“मेण आत जातं, त्याच्यामागे पाणी अडकतं. थंडीत ते गोठून फुगतं. गेल्या वर्षी मी मोजली तेव्हा भेग तीन मिलिमीटर होती, आज चार आहे. अशीच वाढली तर हिचे दोन तुकडे होतील.”

अघावनीने हातातल्या मेणबत्तीकडे पाहिले. “मग झावेनची वात कुठे लावू? एकदा वाऱ्याने विझली, तर त्या आठवड्यात त्याचा फोन आला नाही.”

गालुस्त हसला नाही. “तुझं दुखणं मला येवो, मावशी,” एवढेच म्हणाला. त्याने लाकडी काडीने मेण खरवडून काढले आणि भेगेवर पत्र्याची छोटी वळचण बसवली.

पुढच्या शनिवारी अघावनी जुन्या परातीत वाळू भरून आली. परात भिंतीशी ठेवली, वात लावली. विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. तिचा हात माझ्या भेगेपर्यंत आला. त्या हाताची ऊब मला जाणवली, आणि ती मला हवीशीही वाटली. मग तिने हात मागे घेतला. वाऱ्याकडे पाठ करून ती परातीसमोर बसली, शाल दोन्ही हातांनी पसरून धरली, आणि मेणबत्ती पुरी जळेपर्यंत तशीच बसून राहिली. हिवाळाभर ती अशीच येत राहिली.

मित्रांनो, आमच्यावर माया करा, ती आम्हाला हवीच असते. फक्त हात ठेवण्याआधी आम्हाला कुठे दुखते ते पाहा.

बर्फ वितळल्यावर गालुस्त वर आला. त्याने गुडघे टेकून मोजपट्टी लावली. अघावनी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

भेग चार मिलिमीटर.