पंचनामा होईपर्यंत

वैनगंगेचा पूर उतरला तेव्हा नदीकडच्या मोहल्ल्यातली चौदा घरं बसली होती. परसरामचं घर त्यांतलंच. आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती, पण पवनीखालच्या त्या गावात सिमेंट अजून पोचलं नव्हतं. मातीच्या भिंती घालाव्यात त्या परसरामनंच, असं आसपासची गावं म्हणत. स्वतःचं घर त्यानं पंधरवड्यात उभं केलं असतं. कुदळ घेऊन तो उतरलाही.

तेवढ्यात कोतवाल मंगरू दवंडी देत आला. "पडल्या घराले कोणी हात लावू नका हो! तलाठीसाहेब पंचनामा करतीन. ज्यानं उचललं, त्याले मदत नाही भेटन!"

परसरामनं कुदळ खाली ठेवली. सगळ्या मोहल्ल्यानंच ठेवली.

तीन भिंती झोपल्या होत्या, गल्लीकडची चौथी तेवढी उभी होती.

"ते भिंत तरी पाडून टाका जी," त्याची बायको धुरपता म्हणाली. "मले भेव लागते."

"चार दिस थांब. आपण पाडली तं म्हणतीन, यानंच घर पाडलं."

ताडपत्रीखाली खाटेवर बसलेली म्हातारी बायजाबाई ऐकत होती. "तुह्या बापानं आठ दिसात छप्पर चढवलं होतं रे. तवा कोण आला होता लिवाले?"

"तवा देणारंच कोणी नव्हतं, माय."

चाराचे आठ दिवस झाले. माणसं पवनीच्या रस्त्याकडे डोळे लावून बसत. कुणी रडत नव्हतं, कुणी काम करत नव्हतं. दहाव्या दिवशी ऊन पडलं आणि परसराम उभ्या भिंतीला गेलेला तडा चाचपू लागला. मातीची भिंत भिजताना तग धरते, वाळताना दगा देते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? सकाळी तड्यात बोट जात नव्हतं, संध्याकाळी गेलं.

अकराव्या दिवशी तो विचारायला पवनीला चालत गेला. तलाठी भंडाऱ्याला मीटिंगला गेलेले. तो तसाच परत फिरला.

गल्लीच्या तोंडाशीच त्याला कुदळींचा आवाज आला. सगळा मोहल्ला त्याचं घर उकरत होता; पंचनाम्याची आठवण कुणालाच नव्हती. ताडपत्रीखाली जीव घुसमटला म्हणून म्हातारीनं खाट भिंतीच्या सावलीत ओढली होती. धुरपता तेव्हा पाण्याला गेलेली.

बुद्धाचं त्रिसरण म्हणत मायला माती दिली. त्यानंतर चौथ्या दिवशी तलाठी मधुकरराव आले. चिखलानं भरलेले, थकलेले, माणूस वाईट नव्हता.

"म्हातारी पुरात गेली?"

"नाही. भिंतीखाली."

"पूर उतरून किती दिवसांनी?"

"अकरा."

मधुकररावांचं पेन थांबलं. "मग ही पुराची मयत धरता येत नाही." इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "पहिल्याच दिवशी गेली असं म्हणा. मी तसं लिहितो."

धुरपतानं नवऱ्याकडे पाहिलं.

"अकराच लिवा, साहेब. अकरा दिस मी त्या भिंतीकडं पाहून राहिलो होतो."

मधुकररावांनी लिहिलं आणि ते शेजारी तुलारामच्या पडक्या घराकडे वळले.

धुरपतानं त्याच दुपारी माती कालवायला घेतली. दोनदा हाक मारली. परसराम खाटेच्या मोडक्या पायाशी बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. शेवटी तिनंही पाणी ओतणं थांबवलं. दिवाळीआधी दोघं नागपूरकडच्या एका वीटभट्टीवर निघून गेली.