तळहातावरची मेस्काल

आमच्या मागच्या अंगणातल्या लिंबाला एका वर्षी इतकी लिंबं धरली, की ओझ्यानं दमून ते झाड कुंपणापलीकडे शेजाऱ्याकडे जरा टेकायला गेलं. हे मी सांगितलं, तर शेजारी दुसऱ्या दिवशी टोपलीभर लिंबं परत करायला आला. अख्ख्या सनीव्हेलमध्ये माझ्यावर विश्वास ठेवणारा तो एकच माणूस. पुढे तोही टेक्सासला गेला.

त्या शनिवारी मात्र घरात माझ्या जिभेला कर्फ्यू होता. आमच्या सावनीला मातेओशी लग्न करायचं होतं, आणि मातेओची आई फ्रेझ्नोहून आम्हाला बघायला येत होती. एल्विराबाई. मूळची मेक्सिकोतल्या ओआहाकाची, धंद्यानं दातांची डॉक्टर. थोरल्या मुलाच्या वेळी व्याही थापाड्या निघाला आणि ते लग्न वर्षभरात मोडलं, म्हणून बाईंनी धाकट्याला बजावलं होतं, घर खरं बोलणारं असेल तरच माझा होकार. आणि आईच्या होकाराशिवाय मातेओ पाऊल उचलणार नव्हता.

"बाबा, प्लीज," सावनी म्हणाली. "आज फक्त खरं. वेदरबद्दल बोला."

"वेदरबद्दल खरं बोलून कुणाचं भलं झालंय?"

"अहो!" माझी बायको कांचन स्वयंपाकघरातून ओरडली.

मी गप्प बसलो. म्हणजे बसलो नाहीच. खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत इतक्या फेऱ्या मारल्या, की कार्पेटवर पायवाट पडली आणि तिच्यावरून मुंग्यांची वाहतूक सुरू झाली.

बाई आल्या. ठेंगण्या, ताठ, आणि नजर अशी, की मी हसलो तर त्यांना माझी अक्कलदाढ दिसली असावी. त्यांनी मेजावर एक बाटली ठेवली. लेबल नाही, बुचावर मेण.

"मेस्काल," त्या म्हणाल्या. "माझ्या भावानं केलेली. तुम्ही कधी घेतलीये?"

"टकिला घेतलीये," मी म्हणालो. हे खरं होतं.

"टकिला तिचीच धाकटी बहीण. शहरात जाऊन श्रीमंत झालेली." मग बाईंनी फोनवर झाडाचा फोटो दाखवला आणि मी उडालोच. अहो, हे तर आपलं घायपात! आमच्या गावी बांधावर कुंपणाला लावायचे, पानं कुजवून दोर वळायचे. त्याच्या बुडाला एवढा थोरला गड्डा असतो, तो जमिनीत खड्डा करून तापल्या दगडांवर भाजतात, दगडी चाकाखाली चिरडतात, आंबवतात आणि मग दारू गाळतात, हे मला सत्तरी उलटल्यावर कळत होतं. झाड तयार व्हायला दहा-दहा, वीस-वीस वर्षं लागतात म्हणे. एकदाच फुलतं आणि मरतं.

इथं माझी जीभ सुटली. काय करू, घायपात समोर आलं!

"आमच्या आजोबांची बकरी," मी म्हणालो, "आख्खं घायपात खाऊन पंधरा दिवस दोर देत होती. दूध बंद. नुसता सुंभ."

सावनीनं डोळे मिटले. एल्विराबाईंनी मातेओकडे पाहिलं. मातेओनं छताकडे.

"तुम्ही काही खात नाही?" बाईंनी विषय बदलून कांचनला विचारलं.

"आईचा उपास आहे," सावनी घाईनं म्हणाली. "चंद्र दिसेपर्यंत."

बाईंनी आदरानं मान डोलावली. मला वाटलं, वाचलो. मग त्या उठल्या, मेण फोडलं आणि म्हणाल्या, "हात पुढे करा." त्यांच्याकडे रीत अशी, की आधी चार थेंब तळहातावर घ्यायचे, चोळायचे, हुंगायचे. भाजलेल्या गड्ड्याचा वास राहिला तर मेस्काल खरी. ही रीत त्यांनी ओतल्यानंतर सांगितली. आमच्याकडे तोवर सगळं होऊन गेलं होतं.

एका भारदस्त बाईनं उभं राहून तळहातावर चार थेंब घातले, तर तुम्ही काय कराल? मी उजव्या हाताचा तळवा खोलगट केला, सुर्रकन प्यायलो आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. टकलावर धुराचा, मातीचा, भाजक्या रताळ्याचा असा काही वास पसरला, की खिडकीबाहेरून जाणारी माशी उलटी फिरली.

एल्विराबाईंचा चेहरा लाल झाला. "माझ्या भावाची मेहनत तुम्ही डोक्याला चोळता? हेअर ऑइल आहे का हे?"

"तसं नाही, बाई. आम्ही देवाचं तीर्थ असंच घेतो. खरंच!"

"खरंच," त्या म्हणाल्या. "बकरीसारखं?"

आयुष्यात एकदा खरं बोललो, तर ते कुणी घेईना. त्यांनी बाटलीला बूच लावलं. पर्स उचलली. "मातेओ, गाडी काढ."

"काकू, आय मीन, आँटी, थांबा ना," सावनी म्हणाली. मी पुन्हा दार-खिडकी करू लागलो. मुंग्या बाजूला झाल्या.

तेवढ्यात मागून किंकाळी आली. "अगं बाई! माझी संकष्टी!"

कांचन उभी होती. ओला हात अजून केसांवर. तिच्याही तळहातावर चार थेंब पडले होते, आणि हात डोक्याआधी धावला होता. दारूच्या थेंबाला कधी न शिवलेली बायको माझी. डोळ्यांतून पाणी, घशात आग. "आता काय करू? गजानना, माफ कर रे!"

एल्विराबाईंच्या हातातली पर्स खाली आली. असं रडं कुणाला खोटं रडता येत नाही, हे त्यांना कळलं. खुर्चीत बसलेल्या माणसांचं खरं-खोटं ओळखणं हा त्यांचा रोजचा धंदाच होता.

"उपास मी मोडला?" त्यांनी छातीवर क्रूस केला. "चाळीस दिवसांचे उपास करणारी बाई मी, आणि दुसरीचा उपास…"

"नाही हो, तुम्हाला काय माहीत," कांचन हुंदक्यातून म्हणाली.

"पाणी आणा! बसा, बसा इथे." आता बाईच घरभर धावत होत्या, पेला कुठे, नॅपकिन कुठे. कांचनच्या शेजारी बसून त्यांनी तिची पाठ चोळली. "तुमचा देव रागावतो का फार?"

"मोदक दिले की विसरतो."

"आमचे संत मेणबत्तीशिवाय ऐकत नाहीत." बाईंनी नाक पुसलं, अर्थात कांचनचं. मग एकदम म्हणाल्या, "जूनमध्ये नको."

"काय नको?" मी विचारलं.

"लग्न. ओआहाकात जूनला पाऊस असतो."

"पण जूनमध्येच मुहूर्त आहेत!" कांचन रडणं विसरली.

"नोव्हेंबर."

"तुळशीच्या लग्नानंतर?"

"ही तुळशी कोण? तिचंही आमच्यातच उरकायचंय का?"

सावनी आणि मातेओ एकमेकांकडे बघत राहिले. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.