बाबा जेवले, तू जेव

हे जेवल्याशिवाय मी जेवत नाही. कुणी सांगितलेला हा नेम नाही. यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि हॉस्पिटलातून घरी आणलं त्या दिवशी देवापुढे बसून मीच तो धरला. सकाळी पूजा, पोथीचा एक अध्याय, मग यांची आंघोळ, मग मऊ भात कालवून एकेक घास भरवायचा. वेळ लागतो. मध्येच चावायचं थांबून खिडकीबाहेर बघत बसतात. रंगाच्या कारखान्यात आयुष्य गेलं, अजून त्या धुराच्या चिमण्यांकडे बघत असतात. मी घाई करत नाही. ताट रिकामं झालं की मग माझं पान.

"आई, किती वर्षं तू या बोईसर-सरावलीच्या बाहेर पडली नाहीस," दिग्विजय एक दिवस म्हणाला. दिग्विजय माझा एकुलता एक. "पालघरचे बन्सीभाऊ नेपाळची यात्रा नेतायत. मुक्तिनाथ, पशुपती, सगळं. मी तुझे पैसे भरून आलोय."

"आणि यांचं कोण बघणार?"

"मी आहे. प्रतीक्षा आहे. कामाला ठमी येते. मी काय परका आहे का बाबांना?"

"माझा नेम आहे रे."

तो हसला. "अगं, फोन कशाला दिलाय तुला? बाबा जेवले की मी कळवीन. मग तू जेव. कुठे मोडतो नेम?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला जायचंही होतं. यांचं बोलणं एखाद्या तुटक शब्दापुरतंच उरलंय; विचारलं, तर यांनी डावा हात वर करून जा जा अशी खूण केली.

निघायच्या आदल्या दिवशी दिग्विजयने माझा फोन आणि बँकेचं कार्ड मागून घेतलं. थोडा वेळ बोटं फिरवली आणि परत दिलं. "दोन्ही चालू केलंय. रोख पैसे फार नेऊ नकोस, गर्दीत हात मारतात. लागलं तर मशिनमधून काढ."

"परदेशात चालेल ना?"

"आई, नेपाळ काय परदेश आहे?"

आमच्या बसमधल्या सगळ्यांचंच हे म्हणणं होतं. पासपोर्ट लागत नाही, मतदानाचं ओळखपत्र पुरतं. मुक्तिनाथ आपला, पशुपती आपला, तिथी-वार आपलेच. मग फोन तेवढा परका कसा होईल? निघताना सून प्रतीक्षा माझ्या पाया पडली. एरवी ती सणालाही पडत नाही. मला बरं वाटलं.

सोनौलीला सरहद्दीची कमान ओलांडली आणि बसभर एकच कालवा झाला. कुणाचाच फोन लागेना.

"अहो, परदेशाचं रोमिंग वेगळं घ्यावं लागतं!" बन्सीभाऊ पुढून ओरडले. "निघताना कागद दिला होता सगळ्यांना. वाचायचा कुणी?"

"तुमच्या कागदात आमी मुलाला शेव बांधून दिली, भाऊ," शेजारची साखरबाई म्हणाली, आणि बस हसली. साखरबाई सातपाटीची. सगळा जन्म मासळीच्या टोपलीमागे गेला, आवाज बाजारातला. पहिल्या दिवसापासून ती माझ्या बाजूला बसली होती आणि माझं हळू बोलणं तिला सोसवत नव्हतं. "काय गो, देवाला ऐकू जातं का तुझं?"

"माझ्या मुलाने चालू करून दिलाय," मी तिला सांगितलं.

"मग लाव की."

लागला नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.

मुक्कामाच्या लॉजवर वायफाय असायचं, पण अगदीच अशक्त. मेसेज यायचा, जायचा. बोलायला गेलं की नुसतं गोल गोल फिरत राहायचं. पण दिग्विजयचा मेसेज मात्र न चुकता यायचा. 'बाबा जेवले, तू जेव.' रोज तेच शब्द. मी फोन कपाळाला लावायची आणि पानावर बसायची.

"लय गुणाचा हाय तुझा पोरगा," साखरबाई म्हणायची. "माझा तं मी मेले काय जगले, मासे संपल्यावर विचारील."

मी एकदा त्याला लिहिलं, यांचा फोटो पाठव. त्याने लिहिलं, नेट नाही. मेसेजला असतं आणि फोटोला नसतं, हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही.

पोखऱ्याला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी एकादशी होती. एकादशी उलटून पहाटे जीपगाड्यांनी मुक्तिनाथाला वर जायचं होतं. मी तळ्याकाठच्या देवळात जाऊन आले, लॉजच्या पायरीवर बसले आणि फोन उघडला. मेसेज आला होता.

'बाबा वरणभात जेवले. पोटभर. तू जेव.'

मी तो पुन्हा वाचला.

आमच्या लग्नापासून मी बघतेय, एकादशीला यांच्या पोटात धान्याचा कण गेलेला नाही. कारखान्यात रात्रपाळी असायची तेव्हासुद्धा डब्यात भगर. झटका आल्यावर डॉक्टर म्हणाले, आजारी माणसाला उपास नाही. मी भात केला. यांनी ओठ असे मिटले की चमचा आत जाईना. बोलता येत नव्हतं, डोळ्यांतून पाणी आलं, पण ओठ उघडले नाहीत. तेव्हापासून एकादशीला मी पातळ भगर करते. शेजारीपाजारी सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याने रोज शेजारी बसून भरवलं असतं, त्याला पहिल्या घासाला कळलं असतं.

दिग्विजयने भरवलंच नव्हतं. मग कोण भरवत होतं? आणि कुठे?

"साखरबाई," मी म्हटलं, "मला घरी फोन लावायचाय. आत्ता."

ती माझ्या तोंडाकडे बघून काही न विचारता उठली. बन्सीभाऊंना घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या एटीएमला गेलो. नेपाळचं सिमकार्ड घ्यायला पैसे हवे होते. माझ्या हातातले संपत आले होते आणि कार्ड होतंच ना. मशिनने कार्ड घेतलं, विचार केल्यासारखं केलं, आणि पैसे न देता बाहेर टाकलं. पुन्हा घातलं. पुन्हा बाहेर.

"काकू, परदेशातला वापर बंद आहे याचा," बन्सीभाऊ म्हणाले. "बँकेच्या ॲपमधून चालू करायचा असतो. साधं काम आहे, ओटीपी तुमच्या मोबाईलवर येईल."

"माझ्या नाही येत. खात्याला दिग्विजयचा नंबर आहे."

"खातं कुणाचं?"

"माझं. यांचे फंडाचे पैसे आहेत त्यात."

बन्सीभाऊंनी कार्ड उलटंसुलटं करून माझ्या हातात परत दिलं. साखरबाईने लुगड्याच्या आतून कमरेची पिशवी काढली आणि शंभराच्या नोटा मोजायला लागली. मी हातातली बांगडी उतरवू लागले तर तिने माझ्या हातावर चापट मारली. "ठेव ती. मी काय सोनारीण हाय?"

ओळखपत्र दाखवून सिम घेतलं आणि मी पहिला फोन ठमीला लावला. ती आमच्याकडे धुणीभांडी करते, डोंगराकडच्या पाड्यावरून येते. तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, कधीही उचलते.

"ठमे, यांना आज काय दिलं गं खायला?"

"मावशी?" ती दचकली. "बाबा तं नाय हाय घरी. तुमी गेल्याव त्याच दिशी गाडी आली ना. पालघरला नेला त्यांना, त्या म्हाताऱ्या मानसांच्या सेंटरला. मला वाटला तुमाला ठावं हाय."

"आणि यांची खोली?"

"रंग काढतात. खाट खाली ठेवली जिन्यात." मग हळूच, "बाबा लय वरडत होते, मावशी. बोलता येत नाय ना त्यांना, नुसते वरडत होते."

मी फोन ठेवला. मग दिग्विजयला लावला. वायफायवरून माझा कॉल कधी लागलाच नव्हता. हा नंबर अनोळखी होता, लगेच उचलला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मी."

पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो बंद झाला. "आई? हा कुठला नंबर?"

"यांनी आज काय खाल्लं?"

"सांगितलं की, वरणभात..."

"आज एकादशी आहे, दिग्विजय."

तो एकदम बोलत सुटला. "तिथे चोवीस तास माणसं आहेत. नर्स आहे. तुझे गुडघे बघितलेस? तू पडलीस तर दोघांना कोण उचलणार? प्रतीक्षा किती दिवस सहन करणार? घरात तो वास..."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"फोन चालू केला होतास?"

"नाही."

"कार्ड?"

"आई, तुला कळलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी तिकीट काढून परत फिरली असतीस. मला तुझी यात्रा मोडायची नव्हती."

हे तो मनापासून म्हणाला. चिडून बोलला असता तर सोसलं असतं.

मी त्याच्याकडून सेंटरचा नंबर घेतला आणि तिथे लावला. एक मुलगा बोलला, घाईत होता. मी यांचं नाव सांगितलं.

"खंडेराव ना? जेवले, जेवले."

"त्यांचा आज उपास असतो."

"आजी, इथे उपास-बिपास नाही. सगळ्यांना एकच जेवण. तोंड मिटून बसले होते, फार हट्टी आहेत. मग दोघांनी धरून भरवलं. आता ठीक आहेत."

मी पायरीवर बसले. साखरबाईने केळं सोलून माझ्या हातात दिलं. "ते जेवले ना? मग तुझ्या नेमात बसतं. खा."

ती चांगल्या मनानेच म्हणाली. पण मी नेम धरला तेव्हा देवाला 'जेवले' म्हटलं होतं, 'धरून भरवलं' नाही. मी केळं परत तिच्या हातात दिलं.

"मी वर येत नाही," मी बन्सीभाऊंना सांगितलं. "मला परत जायचंय."

"काकू, काय बोलताय! मुक्तिनाथ उद्यावर आला. इथवर येऊन देवाला पाठ दाखवायची? आणि बसचे पैसे परत मिळत नाहीत बरं का."

"तुजा देव डोंगरावर बसलाय, भाऊ, तो कुठं पळत नाय," साखरबाई कडाडली. "हिचा माणूस पळवलाय. जा, हिला सोनौलीच्या गाडीत बसवून दे." आणि तिने ती कमरेची पिशवी तशीच्या तशी माझ्या पदरात टाकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या जीपगाड्या वर गेल्या आणि मी एकटी खाली निघाले. साखरबाईने खिडकीतून हात केला, पण तिचा बाजारातला आवाज पहिल्यांदाच मला ऐकू आला नाही.

सरहद्द ओलांडली, जुनं सिम घातलं, आणि फोन पर्समध्येच थरथरायला लागला. दिग्विजय.

"आई, कुठे आहेस? बन्सीभाऊ म्हणाले तू निघालीस. एकटी कशी येणार?"

"यांना घरी आण. मी पोचेपर्यंत."

"नाही आणणार." आवाज शांत होता. ठरवून ठेवलेला. "फ्लॅटचे हप्ते मी भरतो. मलाही जगायचंय. तू ये ना. तुझी जागा आहेच घरात."

"माझी," मी म्हटलं.

"हो. तुझी."

मी फोन ठेवला. गोरखपूरहून जी गाडी मिळाली तिच्यात बसले. बोईसरला घरी जायचंच नव्हतं. पालघरला उतरले आणि प्रवासाच्या पिशवीसकट सेंटरला गेले.

फाटकावर म्हणाले, भेटायची वेळ नाही. मी म्हटलं, मी इथेच उभी राहते. उन्हात म्हातारी बाई उभी असलेली त्यांना बरी दिसेना, आत घेतलं.

हे भिंतीकडच्या खाटेवर होते. केस अगदी बारीक कापलेले. अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी सदरा, बटणं वरखाली लागलेली. इथून खिडकी दिसत नव्हती. मला बघितलं. मग जीभ जुळवून, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं म्हणाले, "मुक्... ति... झालं?"

पिशवीत प्रसाद नव्हता, अंगारा नव्हता. त्या देवळाचा कळससुद्धा मी पाहिला नव्हता.

"झालं," मी म्हटलं. "फार छान दर्शन झालं."

यांचा चेहरा उजळला. मग डावा हात खाटेवरून खाली सोडला आणि वाकायला लागले. मला आधी कळलंच नाही. मग कळलं. यात्रेहून आलेल्याच्या पाया पडायचं असतं. त्याच्या पायांना देवाच्या वाटेची धूळ असते.

"अहो, असं नाही करायचं," मी मागे सरकले. हात माझ्या पायापर्यंत पुरेना, पण हे थांबेनात. खाटेवरून पडायचीच वेळ आली.

"आजोबा, बायकोच्या पाया पडता?" पलीकडे चादर बदलणारा मुलगा हसला.

शेवटी मीच पाऊल पुढे केलं. यांनी अंगठ्याला बोटं लावली आणि ती कपाळाला नेली. डोळे मिटलेले. जमेल तसं काहीतरी पुटपुटले.

मग डोळे उघडून दाराकडे बघितलं. "घरी?"

"उद्या," मी म्हटलं, आणि त्या परक्या सदऱ्याची वरखाली लागलेली बटणं सोडून पुन्हा नीट लावायला लागले.