विहंगचा राउटर

कारेलीबागेत चारुलताबाईंचा क्लास होता आणि त्यातले निम्मे संगणक सकाळपासून रुसून बसले होते. सराव परीक्षा तोंडावर आलेली. बाईंचा फोन येताच गजेंद्र प्रतापनगरहून स्कूटरवर धावत आला. ही सगळी जोडणी त्यानं आणि बाईंच्या मुलानं, विहंगनं, मिळून केली होती. विहंगला अपघातात जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

संगणक सुरू झाला की नेटवर्कवर पत्ता मागतो आणि सर्व्हर तो ठरावीक मुदतीपुरता देतो. इथं सर्व्हर ठणठणीत होता, पण रुसलेल्या संगणकांना भलतेच पत्ते मिळाले होते. म्हणजे सर्व्हरच्या आधीच दुसरं कुणीतरी पत्ते वाटत होतं. गजेंद्र एकेक वायर काढून संगणक पुन्हा सुरू करून पाहू लागला. एक वायर काढली आणि समोरच्या संगणकाला बरोबर पत्ता मिळाला. ती वायर भिंतीतून आत, बाईंच्या घरात जात होती.

"बाई, आत काही नवीन लावलंत का?"

"नवीन कसलं? विहंगचा राउटर. त्याची खोली इतके दिवस बंदच होती. काल उघडली, झाडली. वायर लोंबत होती, बसेल तिथं बसवली."

ती चुकीच्या जागी बसली होती, म्हणून राउटरही पत्ते वाटत सुटला होता. गजेंद्रनं मुलांना बाकीचे संगणक पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि विहंगच्या खोलीत जाऊन राउटरचं बटण बंद करायला हात पुढे केला.

"नको हो, गजेंद्रभाऊ!" बाईंनी मोबाइल पुढे केला. वाय-फायच्या यादीत नाव होतं: 'आई जेव आता'.

"शिकवण्याच्या नादात मी जेवण विसरायचे, म्हणून ठेवलं होतं त्यानं. काल पुन्हा दिसलं, आणि..."

गजेंद्रनं फक्त वायरचं राउटरकडचं टोकही काढलं. राउटरचा दिवा तसाच जळत ठेवला.

"यावर इंटरनेट येणार नाही आता. पण नाव दिसेल."

"तेवढंच हवंय. किती दिवस चालेल हा?"

राउटर जुना होता, हाताला चांगलाच गरम लागला होता. "चालेल की, बाई. खूप चालेल," तो जमिनीकडे पाहत म्हणाला.

"खोटं बोलताना तोही असाच खाली बघायचा," बाई म्हणाल्या.

बाहेर क्लासमधून मुलं गुजरातीत ओरडली, "टीचर, चालू थई गयुं!"

बाईंनी पदरानं डोळे पुसले, क्षणभर दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या आणि मग क्लासमध्ये गेल्या.