बटणातली पाचर

मित्रांनो, मी जुना झालोय, पण माझा राग काही जुना होत नाही. मी चिंचवडच्या एका कारखान्यातला पत्रा कापणारा पॉवर प्रेस. १९६८ साली मला इथे आणून बसवलं. मला दोन बटणं आहेत. दोन हातांनी दोन्ही दाबली तरच माझा ठोका पडतो. म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात.

आमचे फोरमन रंगराव दर शिफ्टला पहिले दहा नग स्वतः काढायचे. मग उठून म्हणायचे, "हं, बस आता. मशीन ठीक हाय." त्याशिवाय त्यांनी कुणाला माझ्यापुढे बसू दिलं नाही.

मग सुरेंद्र साहेब मॅनेजर होऊन आले. हुशार माणूस, पण डोळे सदा फळ्यावरच्या आकड्यावर! त्यांनी माझ्या एका बटणात लाकडाची पाचर मारायला लावली, म्हणजे ते कायम दाबलेलंच राहील. एका हाताने बटण, दुसऱ्याने पत्रा सरकवायचा. पाचशेचे सातशे नग!

रंगरावांनी पाचर उपटली. "साहेब, ह्याच्यापुढं आधी तुमी बसा."

"बसणं माझं काम नाही, बसवणं आहे," साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी रंगरावांची बदली स्टोअरमध्ये आणि पाचर पुन्हा माझ्या बटणात.

आठवड्याच्या आत माझ्यापुढे बसणाऱ्या सोनबाची उजव्या हाताची दोन बोटं गेली. मीच तोडली हो! परभणीहून आलेला हा गडी सुट्टीच्या दिवशी आळंदीला भजनात पखवाज वाजवायचा. रंगराव धावत आले, त्याचा हात फडक्यात गुंडाळून त्याला जीपमध्ये घातलं. आणि साहेबांनी काय विचारावं? "मशीनला काही झालं नाही ना?" अस्सा संताप आला मला!

साहेबांनी अपघाताच्या कागदावर लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा.' असा ठपका बसला की नोकरी गेलीच. साक्षीदार म्हणून रंगरावांची सही हवी होती. त्यांनी कागद उलटा करून लिहिलं, 'पाचर मॅनेजरच्या हुकमाने मारली. मी एकदा काढली, पुन्हा मारली तेव्हा गप्प बसलो. चूक माझीही आहे.' खाली ठळक सही केली. मग सगळी शिफ्ट एकेक करून सही करायला पुढे आली. सोनबाची नोकरी राहिली. बोटं मात्र गेली ती गेलीच.

मित्रांनो, मला तेल घाला, न घाला. गंजलो तरी तक्रार नाही. पण माझ्यापुढे कुणाचा हात तुटला, तर 'मशीनने तोडला' एवढंच लिहून मोकळे होऊ नका. हुकूम कुणाचा होता, ते नाव लिहा.