परळच्या रक्तपेढीतला कोप

परळच्या त्या रक्तपेढीत सकाळी दहालाच जत्रा भरली होती. डॉक्टर, नर्स, वॉचमन, रक्त न्यायला आलेले नातेवाईक, सगळे सर्व्हरच्या खोलीत चेंगरून उभे. मधोमध यंत्रानंद महाराज, अंगात भगवी कफनी आणि कानात ब्लूटूथ. रक्ताच्या पिशव्यांवर चिकटवायची लेबलं छापणारा प्रोग्रॅम चार दिवस बंद होता, आणि महाराज तो म्हणे मंत्राने सुरू करणार होते.

शेवंती तेवढी काचेच्या दाराबाहेर. लालबागहून येऊन बावीस वर्षं तिने ही लेबलं छापली होती. वैशाखात तिचा नवरा गेला. दसऱ्याला इथे यंत्रांची पूजा झाली, तेव्हा दरवर्षीच्या सवयीने तिनेच सर्व्हरला हळदकुंकू लावलं, आणि दुसऱ्या सकाळी लेबलं बंद. झालं! विधवेचा हात लागला, यंत्र कोपलं. महाराजांनी दुजोरा दिला की तिची रवानगी गोदामात, असं ट्रस्टचे सेक्रेटरी शरच्चंद्रराव बोलून बसले होते. शेवंतीला रडू येत नव्हतं, संताप येत होता.

"वायफायमध्येही प्राण असतो, भक्तहो!" महाराज गरजले. "डोळे मिटा. जो उघडेल त्याच्या मोबाइलचा डेटा जाईल!"

सगळ्यांनी डोळे गच्च मिटले आणि खिशातले मोबाइल घट्ट धरले. बाहेर उभ्या केलेल्या बाईच्या डोळ्यांचा विचार कोणी केलाच नव्हता. तिने स्वच्छ पाहिलं. सर्व्हर सांभाळणारा आणि महाराजांना घेऊन आलेला कंत्राटदार हितेंद्र की-बोर्डवर वाकला, भराभर काहीतरी टाइप केलं आणि मागे सरकला. महाराजांनी शंख फुंकला. लेबलं खडखडत बाहेर पडू लागली. एकच जयजयकार!

तो ओसरतो न ओसरतो तोच तपासणीच्या टेबलावरून ओरड आली, "अहो, आता रिपोर्ट बंद पडले!"

महाराज डगमगले नाहीत. "दोष हलला, गेला नाही. ती बाई या इमारतीत आहे तोवर तो भटकत राहणार."

सगळ्या नजरा काचेकडे वळल्या. शेवंती दार ढकलून सरळ आत आली.

"माझ्याकडे काय बघताय? ह्या हितेंद्रला विचारा, तुमचे डोळे मिटले होते तेव्हा काय टाइप करत होता!"

"काय काकी, मी तर हात जोडून उभा होतो," हितेंद्र हसला.

"मेल्या, माझ्या तोंडावर खोटं बोलतोस?"

रिपोर्टचा प्रोग्रॅम लिहिणारी प्राची आठवड्याच्या रजेवरून त्याच सकाळी परतली होती. ती सर्व्हरसमोर बसली. "इथे केलेलं प्रत्येक काम वेळेसकट नोंदलं जातं," ती म्हणाली आणि मोठ्याने वाचू लागली. "दसऱ्याची संध्याकाळ, हितेंद्र, नवी लायब्ररी बसवली. आज दहा बावीस, हितेंद्र, जुनी लायब्ररी परत ठेवली."

"लायब्ररी म्हणजे?" शरच्चंद्ररावांनी विचारलं.

"अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ते तयार सामान, सर. मी रजेवर जाताना नवा रिपोर्ट देऊन गेले, त्याला नवी लायब्ररी लागते. ह्याने ती बसवली, बरोबरच केलं. पण लेबलांचा प्रोग्रॅम जुन्या लायब्ररीवर बेतलेला. माप बदललं की ब्लाउज नव्याने शिवावा लागतो ना? तसा तो प्रोग्रॅमही नव्या लायब्ररीवर पुन्हा बांधून घ्यायला हवा होता. हा ते विसरला, आणि चूक झाकायला महाराज आणले. आज गुपचूप जुनी लायब्ररी ठेवली. लेबलं चालली, माझे रिपोर्ट बंद पडले. यात कोप कुठे आला?"

"कंत्राट गेलं असतं माझं," हितेंद्र पुटपुटला. महाराज तोवर शंख पिशवीत भरत होते.

प्राचीने नवी लायब्ररी परत बसवली आणि लेबलांचा प्रोग्रॅम तिच्यावर पुन्हा बांधायला लावला. वीस मिनिटं लागली. ना नारळ, ना धूप.

"काकी, बटण तुम्हीच दाबा."

शेवंतीने दाबलं. लेबल आलं, पाठोपाठ रिपोर्टही आला.

"झालं गेलं विसरा, शेवंतीबाई," शरच्चंद्रराव म्हणाले.

"नाही विसरणार. चार दिवस ह्या सगळ्यांदेखत मला दाराबाहेर उभं केलंत. चुकलं, हेही ह्यांच्यादेखतच म्हणा."

शरच्चंद्ररावांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणीच मदतीला येईना. "चुकलं माझं," ते म्हणाले.

शेवंती गर्दीकडे वळली. "पुढच्या वेळी यंत्र अडलं तर आधी विचारा, काल यात कोणी काय बदललं? शोधा म्हणजे सापडेल, आणि सापडलं की दुरुस्त होईल. बाईचं कपाळ बघून आजवर एकही यंत्र सुरू झालेलं नाही."