आधी टोक धरा

'वायफाय मोफत. आत येऊन विचारा.' लाँड्रीच्या दाराशेजारी वहिनींनी ही पाटी लावली, तेव्हा भावजींच्या कपाळावर अशा आठ्या पडल्या की त्या मोडायला त्यांचीच इस्त्री फिरवावी लागली असती.

"दुकान चालवायचंय की धर्मशाळा काढायचीय, वहिनी?"

"दुकानच चालवायचंय, भावजी. म्हणून तर लावली."

भावजी हे वहिनींचे धाकटे दीर. वहिनी त्यांना भावजी म्हणत, म्हणून सगळा रस्ताच त्यांना भावजी म्हणे. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. इस्त्रीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि चिडण्यात तर नव्हतंच नव्हतं. लाँड्री मूळची थोरल्या भावाची, दादाची. दादा आणि वहिनी चादरी धूत, वाळवत, घड्या घालत. भावजी खिडकीपाशी उभे राहून शर्ट-पँटी कडक करत. दादा जाऊन आता वर्ष होत आलं होतं. खिडकीपाशी भावजी होते, मागे वहिनी होत्या, आणि मधली जागा तशीच रिकामी होती.

दुकानाचा खरा आधार समोरच्या इस्पितळाच्या चादरी. शर्ट-पँटी म्हणजे नुसता वरखर्च. आता इस्पितळातल्या चादरीची घडी म्हणजे काही तुमच्याआमच्या कपाटातली घडी नव्हे. पेशंटला कुशीवर वळवून सिस्टरचा एक हात त्याच्या पाठीला असतो. उरलेल्या एका हाताने कड धरून झटकली की चादर पसरली पाहिजे. दादा-वहिनींची घडी तशी उलगडे. त्या घडीला दोन माणसं लागतात. टोकं धरायची, ताणायची, झटका द्यायचा, समोरासमोर येऊन टोकाला टोक जुळवायचं, परत मागे सरायचं. वहिनी आता एकट्याच चादरीची कड हनुवटीखाली दाबून ही कसरत करत. घडी वाकडी पडे, टोकं लोंबत. परवडेल असा माणूस मिळत नव्हता, आणि जो मिळाला तो दोन दिवसांत पळाला.

शेवटी मोठ्या सिस्टर स्वतः येऊन गेल्या. बाई सरळ, पण कडक. "वहिनी, तुमच्याबद्दल कोणाची तक्रार नाही. घडीबद्दल आहे. महिनाअखेरीला मी बघायला येईन. तेव्हाही हेच असेल, तर काम मशीनवाल्याकडे जाईल." चादरी गेल्या म्हणजे दुकानाला कुलूप, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

आणि भावजी? भावजींचा खांदा धरला होता. दादा गेला त्याच सुमारास धरला. इस्त्री खाली ढकलायची, तेवढं जमे. हात वर जात नसे. वहिनींनी एकदाच विचारलं होतं, "टोक धरता का?" भावजींनी खांद्याकडे बोट दाखवलं. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी उंच इमारती, त्यामुळे फोनला रेंज म्हणाल तर नावापुरती. इस्पितळातून माणसं खाली येत आणि फोन डोक्यावर धरून गोल गोल फिरत. कोणाला घरी तब्येत कळवायची असे, कोणाला लेकीचा चेहरा बघायचा असे. वहिनी हे रोज दारातून बघत. आणि एके दिवशी त्यांनी इंटरनेटवाल्याला बोलावून धुलाईच्या पावडरीच्या डब्यांशेजारी ते दिवे लुकलुकणारं यंत्र बसवून घेतलं. पासवर्ड रोज बदलायचा कसा, हेही त्याच्याकडून दोनदा गिरवून घेतलं. एक दिवस चिमटा आणि पुढे आकडे, दुसऱ्या दिवशी साबण आणि पुढे आकडे. कागदावर काही नाही, सगळं तोंडी.

पहिले आले ते एक मास्तर. निवृत्त, अंगाने काडी, बायको तिसऱ्या मजल्यावर ॲडमिट. "ते वायफायचं..." म्हणत दारातच घुटमळले.

"सांगते की," वहिनी म्हणाल्या, "आधी हे टोक धरा."

मास्तरांनी धरलं. पहिली घडी अशी झाली की वहिनींनी हसत हसत मोडली. दुसरीही मोडली. आयुष्यभर पोरांना नापास करणाऱ्या माणसाला एका चादरीने दोनदा नापास केलं! तिसरीला पास झाले आणि पासवर्ड घेऊन बाहेर पायरीवर बसले. मग टेम्पोवाला आला, त्याचा बाप वर होता. मग बहिणीच्या बाळंतपणाला आलेली एक मुलगी आली, तिला बाळाचा फोटो घरी पाठवायची भयंकर घाई. प्रत्येकाला एकच उत्तर, आधी टोक धरा. घड्या सरळ पडू लागल्या. शिवाय दर घडीला दोन अनोळखी माणसं समोरासमोर येत, तेव्हा काही ना काही बोलणं होईच. बाई पाचवी-सहावी शिकलेली असेल नसेल, पण डोकं बघा! एका यंत्रात तिने माणसांची अडचण आणि स्वतःची अडचण अशी काही जोडली की टाका दिसू नये.

भावजींना मात्र टाकाच टाका दिसत होता. ते सगळ्यांदेखत नाही, पण दुकान रिकामं झाल्यावर फणकारले, "माणसं आधीच काळजीने अर्धी झालेली, आणि तुम्ही त्यांना कामाला जुंपता? दादाला हे खपलं असतं का?"

दादाचं नाव आलं तशा वहिनी चादरींचा ढीग उचलून मागे निघून गेल्या. भावजींना वाटलं, पटलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी ते केलं. वहिनी इस्पितळातून गाठोडी आणायला गेल्या होत्या. जाताना भावजींना त्या दिवसाचा पासवर्ड सांगून गेल्या होत्या, कोणी फारच घाईत आलं तर सांगायला. भावजींनी खडू घेतला आणि तो पासवर्ड दारावर, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या ठसठशीत अक्षरात लिहून टाकला. घराण्याची अब्रू वाचवल्याच्या समाधानात ते इस्त्रीकडे वळले.

वहिनी परतल्या त्या धापा टाकत. "भावजी, मोठ्या सिस्टर आजच येणार, दुपारी!" मग त्यांची नजर दारावर गेली. पायरीवर माणसं फोनमध्ये डोकं घालून बसली होती आणि आत चिटपाखरू नव्हतं.

"पुसतो," भावजी पुटपुटले.

"नको. दिलेलं काढून घ्यायचं का?"

एवढंच बोलून त्यांनी पदर खोचला आणि पहिल्या चादरीची कड हनुवटीखाली दाबली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. भावजी खिडकीपाशी उभे राहून बघत राहिले. टोक सुटायचं, वहिनी वाकून उचलायच्या, परत दाबायच्या. ढीग हलत नव्हता. जळका वास आला तेव्हा भावजींनी खाली पाहिलं. उभ्या आयुष्यात जे झालं नव्हतं ते झालं होतं, एका शर्टाच्या कॉलरला तांबूस डाग पडला होता.

तेवढ्यात मास्तर आत आले.

"पासवर्ड बाहेर लिहिलाय, मास्तर," भावजी कसेबसे म्हणाले.

"वाचला की. बोलणंसुद्धा झालं मुलाशी." मास्तरांनी बाह्या सारल्या आणि वहिनींच्या समोर जाऊन टोक उचललं. "अहो, वर दिवसभर मी तिच्या उशाशी नुसता बसून असतो. औषध डॉक्टर देतात, इंजेक्शन सिस्टर देतात. मला काही करताच येत नाही. एवढी घडी तेवढी माझ्या हातची. ती याच चादरीवर झोपते ना."

भावजींना कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. मास्तरांमागोमाग टेम्पोवाला आला, मग ती मावशी झालेली मुलगी आली. पायरी रिकामी झाली आणि दुकान भरलं. झटक्यांचे आवाज घुमू लागले. दादा असताना घुमत, अगदी तसे. दादाच्या जागी मास्तर उभे होते, आणि त्यांना तिथे बघून भावजींना स्वतःशी खरं बोलावं लागलं. खांदा दुखत होता, ते खोटं नव्हतं. पण एवढा नव्हता. ते टोक दादाचं होतं, म्हणून त्यांनी वर्षभर त्याला हात लावला नव्हता. आणि वर्षभर ती बाई हनुवटीने चादरी धरत होती.

मोठ्या सिस्टर आल्या. ढिगाच्या मधली एक चादर त्यांनी उपसली, कड धरली, एका हाताने झटकली. चादर टेबलावर पसरली, एक सुरकुती नाही. सिस्टरांनी बोटाने कड चाचपून पाहिली.

"पुढच्या महिन्यात काम वाढेल. झेपेल?"

"झेपेल," वहिनी म्हणाल्या.

घड्या वर गेल्या, माणसं आपापल्या पेशंटकडे गेली. मागे राहिली ती सिस्टरांनी उलगडलेली चादर. वहिनींनी तिची दोन टोकं उचलली. समोर कोणी नव्हतं.

भावजी बाहेर गेले, ओल्या फडक्याने दार पुसून आले आणि मधल्या रिकाम्या जागेत उभे राहिले.

"वहिनी, आजचा पासवर्ड काय?"

"तुम्हाला कशाला? तुम्हीच तर लिहिला होता दारावर. आणि फोन तुमचा बटणांचा."

"असू दे. सांगा."

वहिनींनी हातातली टोकं ताठ धरली. 

"आधी टोक धरा."

भावजींनी दादाच्या बाजूची दोन्ही टोकं उचलली. उजवा हात छातीपर्यंत गेला आणि तिथेच अडला. पलीकडे वहिनींनीही आपले हात तेवढेच खाली घेतले, आणि चादर सरळ झाली.